उषाच्या लेकीच्या नावे

मी, बद्रीनाथ कडूबा ठोंबरे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, आज माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत, कोणाचे दडपण नसताना आणि कोणी शिकवून-पढवून दिलेले नसताना हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझ्या छातीत पाणी होते. डॉक्टरांनी ते दोनदा काढले. पुन्हा कधी यायचे असे विचारले तेव्हा ते माझा मुलगा कारभारी याच्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. त्यावरून मला समजायचे ते समजले. डोके शाबूत आहे, त्याचा दाखला सोबत जोडला आहे.

माझे शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूत, चौथीपर्यंत झाले. मराठी वाचतो, पण लिहिताना हात अडतो. म्हणून मी बोलत गेलो आणि ॲडव्होकेट भालचंद्र वामनराव देऊळगावकर यांनी लिहून घेतले. माझी मुलगी उषा हिची केस त्यांनीच चालवली होती. वकीलसाहेब मध्ये मध्ये म्हणाले की कोणाला काय द्यायचे तेवढे सांगा, बाकी कायद्याला लागत नाही. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही लिहीत ऱ्हा. देऊन राह्यलो ते कशापायी, हे लिहिलं न्हाई तर उद्या मागं भांडणं लागतील." यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी तुळजाबाई पाच वर्षांपूर्वी वारली. मला अपत्ये दोन. मुलगा कारभारी, हा माझ्याजवळ राहतो. मुलगी उषा, ही सन १९९७ मध्ये वारली. उषाला एकच मुलगी, शिवकन्या, वय पंधरा, सध्या राहणार परतूर, तिचे वडील काकासाहेब सोळंके यांच्याकडे. हे मृत्युपत्र बहुतेक तिच्यासाठीच आहे. कारभारीला ते आवडणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याच्या समोरच हे लिहून होत आहे.

कलम १. केदारखेडा येथील माळवदाचे घर, मागचा गोठा व अंगणातील लिंबाच्या झाडासह, कारभारी व त्याची पत्नी कौसल्या यांच्या दोघांच्या नावे व्हावे. एकट्या कारभारीच्या नावे करू नये. कौसल्येने या घरात माझ्या म्हाताऱ्या बायकोचे केले, माझे करते आहे, आणि आई गेलेल्या पोरीचे केले. घराच्या कागदावर तिचे नाव पाहिजे.

कलम २. वडिलोपार्जित चार एकरांत माझा जो हिस्सा निघेल तो कारभारीचा.

कलम ३. गट नंबर ८७ मधील तीन एकर जमीन, विहिरीसह. ही जमीन वडिलोपार्जित नाही. ती मी सरकीच्या बियाण्याचे प्लॉट करून कमावली व खरेदीखत माझ्या एकट्याच्या नावे आहे. ही संपूर्ण जमीन मी माझी नात शिवकन्या हिला देत आहे.

बियाण्याचा प्लॉट म्हणजे काय, हे ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. कंपनी आपल्याला नराचे वेगळे आणि मादीचे वेगळे बी देते. मादीच्या झाडावर उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हाताने सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, खुणेसाठी दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे फूल आणून तिच्यावर फिरवायचे. अशी एकेक कळी करत तीन एकर पार पाडायचे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पाठ सरळ होत नाही. सासरहून परत आल्यापासून मरेपर्यंत या प्लॉटवर सगळ्यात पुढची ओळ उषाची असायची. कारभारीने हे डोळ्यांनी पाहिले आहे. तिच्या बोटांना कळ्यांचा हिरवा रंग बसलेला असायचा, साबणाने जायचा नाही. ही जमीन तिच्या लेकीला देताना मी कोणाच्या तोंडचे काढून देत नाही.

विहिरीचे पाणी मात्र कारभारी व शिवकन्या यांनी पाळीने घ्यावे. पाणी कोणी कोणाचे अडवू नये.

कलम ४. कारभारीची हरकत अशी. तो मला म्हणाला, "नाना, ती आता सोळंक्यांची झाली. जमीन तिला दिली म्हंजी त्यालाच दिली. ज्यानं आपल्या उषाला भर कोर्टात तसं म्हणलं, त्याच्या घरात आपण आपल्या हातानं जमीन घालायची का?" त्याचा राग मला समजतो. तोच राग मी पंधरा वर्षे अंगावर वागवला आहे. पण शिवकन्या परतूरला कशी गेली, हे त्याने विसरू नये. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

उषाचे लग्न सन १९८७ मध्ये परतूरचे काकासाहेब सोळंके यांच्याशी झाले. त्यांची कापसाची अडत होती. माणूस दिसायला चांगला, बोलायला गोड. लग्नानंतर तीन वर्षे मूलबाळ नव्हते. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर जावई कापसाच्या गाड्यांबरोबर आदिलाबादकडे गेले, ते संक्रांतीला परत आले. शिवकन्या झाली पोळ्याच्या आसपास, आमच्या घरी. दिवस भरायच्या आधी झाली. तळहातावर मावेल एवढी होती. तुळजाबाईने तिला कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवून जगवले.

परतूरला कोणीतरी बोटांवर महिने मोजले. कोणी मोजले ते मला माहीत आहे, पण ती बाई आता नाही, तिचे नाव घेत नाही. पोर दिवसांआधी झाली यावर विश्वास ठेवायचा नाही असे एकदा ठरले, की मग नवरा गावात नसतानाचे महिने निघतात. बारशाला परतूरहून कोणी आले नाही. मी पोरीला आणि उषाला घेऊन गेलो तर जावयांनी दारातच सांगितले, "मामा, तुमची लेक तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." आत विहीणबाई गोजरबाई उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. आम्ही त्याच एस.टी.ने परत आलो. वर्षाच्या आत त्यांनी दुसरी बायको केली.

कलम ५. उषाने पोटगीची केस लावली. ती मी लावायला लावली असे गावात म्हणतात, ते खरे नाही. मी तिला म्हणालो होतो की खायला आहे, राहायला आहे, कशाला कोर्टात उभी राहतेस. ती म्हणाली, "नाना, मला त्याचं काही खायचं न्हाई. माझ्या पोरीला शाळेत घालताना बापाचं नाव काय लावू ते सांगा."

कोर्टात काकासाहेबांनी जबाब दिला की ही मुलगी माझी नाही. एवढेच बोलून थांबले असते तर केस वर्षभरात मिटली असती, कारण वकीलसाहेब म्हणाले होते की लग्न टिकून असताना झालेले मूल कायदा नवऱ्याचेच धरतो. पण ते पुढे बोलले. म्हणाले, कुठलीही तपासणी करा. उषा उभी राहिली आणि म्हणाली, "माझं रक्त घ्या. पोरीचं घ्या. त्यांचंबी घ्या." तेव्हा आमच्याकडे कोणाला डीएनए हा शब्द माहीत नव्हता. उषाने कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचले होते की हैदराबादला रक्तावरून आई-बाप सांगतात. आपल्या बोलण्यात अडकल्यामुळे काकासाहेबांना हो म्हणावे लागले. तरी तारखा पडत पडत सन १९९७ चा उन्हाळा उजाडला.

हैदराबादला आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. जालन्याला मी, उषा आणि शिवकन्या चढलो. परतूरला त्याच डब्यात काकासाहेब आणि गोजरबाई चढल्या. दुसऱ्या डब्यात जायला गर्दीमुळे वाट नव्हती. समोरासमोर बसलो. शिवकन्या तेव्हा सहाव्या वर्षात होती. तिला कोणी सांगितले नव्हते हे कोण ते. ती खिडकीतून बघायची आणि मध्येच त्यांना सांगायची, बगळा बघा, म्हशी बघा. परभणी गेल्यावर ती पेंगली आणि गाडीच्या झोक्याने तिचे डोके काकासाहेबांच्या दंडावर गेले. त्यांनी हात काढला नाही. तसेच ताठ बसून राहिले, कितीतरी वेळ. उषा ते बघत होती. मी तिला म्हणालो, पोरीला इकडे घे. ती म्हणाली, "निजू द्या, नाना."

प्रयोगशाळेत तिघांचे रक्त घेतले. तिथल्या बाई तेलुगू बोलायच्या, पण उर्दू चांगले यायचे, म्हणून माझे त्यांचे जमले. मी विचारले, रक्तात दिसते काय. त्यांनी समजावून सांगितले की मुलाच्या अंगातल्या खुणा निम्म्या आईकडून येतात, निम्म्या बापाकडून. आईच्या ओळखून बाजूला काढल्या की ज्या उरतात त्या बापाकडे सापडल्याच पाहिजेत. सापडल्या नाहीत तर तो बाप नाही. मी म्हणालो, बाईसाहेब, हे मला पटले, माझा धंदाच नर-मादीचा आहे. त्या हसल्या. उषाही हसली. त्या केसमध्ये उषा हसलेली मी तेवढीच पाहिली.

कलम ६. उषा त्याच वर्षी, कळ्या सोलण्याच्या दिवसांत, गट नंबर ८७ मध्येच साप चावून गेली. दुपार कलली होती. तिने स्वतः पायाला दोरा बांधला आणि बांधापर्यंत चालत आली. कारभारीने मोटारसायकलवर मधे धरून भोकरदनला नेले. वाटेत ती त्याला म्हणाली, "हैदराबादचा कागद आला का रे?" कारभारी म्हणाला, आला. तो आला नव्हता. कारभारीने हे मला सात वर्षांनी सांगितले. बाळ, तू बरोबर केलेस. हे वाक्य तसेच राहू द्या, वकीलसाहेब.

कागद दोन महिन्यांनी आला. कोर्टात वाचला तेव्हा तिची जागा रिकामी होती. त्यात लिहिले होते की काकासाहेब सोळंके हेच या मुलीचे जन्मदाते पिता आहेत. काकासाहेब खाली बघत राहिले. मी त्या कागदाची मराठी नक्कल काढली आणि गावात मारुतीच्या पारावर माणसे जमवून वकीलसाहेबांच्या कारकुनाकडून ती वाचून घेतली. सगळ्यांनी ऐकले. माझा बांधशेजारी भुजंग म्हणाला, "आम्हाला तर पहिल्यापासून बराबर माहीत होतं." बाकीच्यांनीही माना हलवल्या. सहा वर्षे उषा विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या, त्या घरांतलीच ही माणसे. मी घरी येऊन नक्कल तिच्या फोटोला दाखवावी म्हटले, तर घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता.

अलीकडे कंपनीचे अधिकारी सांगत होते की आता बियाण्याची शुद्धता तपासायलाही हीच रीत आली आहे. पूर्वी पोते घेऊन जायचे, रानात पेरून बघायचे, एक हंगाम जायचा. आता पानाचा तुकडा पुरतो आणि थोड्या दिवसांत उत्तर मिळते. ते उत्साहाने सांगत होते. मी ऐकले आणि बांधावर जाऊन बसलो.

कलम ७. आता कारभारीने ज्याच्यावर बोट ठेवले ते. काकासाहेबांच्या दुसऱ्या बायकोलाही मूल होत नव्हते. कागद आल्यावर त्यांना लेक मिळाली. वर्षभरात त्यांनी मुलीच्या ताब्याचा अर्ज केला. आई मयत, बाप हयात, बापाची ऐपत चांगली, आणि तो बाप असल्याचा पुरावा आमच्याच अर्जावरून निघालेला. आम्ही ज्या कागदासाठी एवढी वर्षे भांडलो तो त्यांच्या अर्जाला पहिल्या पानाला जोडला होता. न्यायाधीशसाहेबांनी पोरीला आत बोलावून विचारले. ती म्हणाली, मला आबाजवळ राहायचे आहे. तरी निकाल कायद्याप्रमाणे बापाकडे गेला. त्यात कोणाची लबाडी नव्हती.

न्यायला आले तो दिवस मी सविस्तर सांगत नाही. तिला समजावताना मी म्हणालो होतो की ते तुझे वडील आहेत, हैदराबादच्या कागदात तसे लिहिले आहे. तेव्हा ती आठ वर्षांची होती, वाचता येत होते. तिने तो कागद मागितला. वरून खालपर्यंत बोट ठेवून बघितला आणि मला म्हणाली, "आबा, मंग तुमचं नाव कुठंय यात?"

कौसल्येने तिचे कपडे पिशवीत भरले आणि पोर गेली. तेव्हा कारभारी म्हणाला होता, वरच्या कोर्टात जाऊ. मी नको म्हणालो, कारण पोरीला पुन्हा कोणासमोर उभे करून तू कोणाची असे विचारलेले मला बघवले नसते. कधी कधी मनात येते, तो कागद आलाच नसता तर पोर माझ्याजवळ राहिली असती. पण मग उषा डोळ्यांसमोर येते, कोर्टात उभी राहून माझं रक्त घ्या म्हणणारी, आणि मी तो विचार तिथेच सोडतो.

कलम ८. काकासाहेबांनी पोरीला आमच्याकडे पाठवणे बंद केले. दोन वर्षे मी तिला पाहिले नाही. मग गोजरबाईंचा निरोप आला. त्यांचे माहेर मंठ्याजवळ. तिकडे जायचे निमित्त करून त्या पोरीला मंठ्याच्या बाजाराला आणू लागल्या. मी एस.टी.ने जायचो. गोजरबाई मला रामराम करायच्या, आणि "मी जरा बांगड्या बघून येते" म्हणून निघून जायच्या. आम्ही दोघे स्टँडच्या बाकावर बसायचो. पहिल्या वेळी ती माझ्या शर्टाचे बटन धरून बसली होती. पुढे पुढे शाळेचे सांगू लागली, मैत्रिणींचे सांगू लागली. एकदा मला हाक मारताना "ठोंबरे आबा" म्हणाली. घरात मला तसे म्हणत असतील, तेच तिच्या तोंडात बसले. तिला कळले नाही. मी येताना बसमध्ये तो शब्द घोळवत आलो.

परतूरला तिचे हाल नाहीत, हे मी लिहून ठेवतो, कारण ते खरे आहे. बाप तिला जपतो. सावत्र आई चांगली आहे. तीन वर्षांपूर्वी त्या बाईलाही मुलगा झाला, तरी शिवकन्येला कमी केले नाही. आठवी-नववीला ती वर्गात पहिली आली. पण आता दहावीत असताना तिच्यासाठी स्थळे बघणे सुरू झाले आहे. मागच्या भेटीत ती म्हणाली, "आबा, मला बारावी करायचीय. तुम्ही सांगा ना त्यांना." मी सांगणारा कोण? म्हणून हे मृत्युपत्र घाईने करत आहे.

कलम ९. कलम ३ मधील जमिनीस पुढील अटी आहेत. शिवकन्या अठरा वर्षांची होईपर्यंत जमिनीची व्यवस्था माझी सून कौसल्या पाहील. काकासाहेब सोळंके यांनी पालक म्हणून त्यात हात घालू नये. उत्पन्न शिवकन्येच्या शिक्षणाला लावावे व ते थेट शाळा-कॉलेजात भरावे. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत ही जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही आणि लग्नात देण्या-घेण्याच्या बोलणीत धरता येणार नाही. त्यानंतर तिने ठेवावी, विकावी, पडीक पाडावी, तिची मर्जी. अंमल वकीलसाहेबांनी करावा. कारभारीने जमीन बटाईने कसावी. त्याचा वाटा त्याने बिलकुल सोडू नये, भिडेपोटीही सोडू नये.

कौसल्येला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, मला वाचता येत न्हाई, मी काय येवस्था बघणार?" मी तिला म्हणालो, पोर ताप आला की कोणाच्या कुशीत जात होती ते मला माहीत आहे, बाकी वकीलसाहेब वाचून दाखवतील.

कलम १०. पोस्टातील बचत शिवकन्येची. कळ्यांसाठीचे पितळी डबे व चिमटे कारभारीचे. माझा रेडिओ व घोंगडी कौसल्येच्या वडिलांना द्यावी, त्यांना थंडी सोसत नाही.

भुजंग यांच्याशी बांधावरच्या बाभळींवरून माझा जुना वाद आहे. बाभळी त्यांच्या. वाद त्या झाडांचा कधीच नव्हता. पारावर ते जे बोलले त्याचा होता, आणि तो मी माझ्याबरोबर नेतो.

कलम ११. उषाचे मंगळसूत्र लोखंडी पेटीत आहे. नवऱ्याने टाकल्यावरही ती ते घालत होती. कोणी विचारले तर म्हणायची, पोरीसाठी घालते. ते शिवकन्येला द्यावे. तिने ते ठेवायचे की मोडून दुसरे काही करायचे, हे तिला कोणी सांगू नये. त्याच पेटीत एक फोटो आहे. हैदराबादच्या अर्जावर लावायला जालन्याच्या स्टुडिओत काढला होता, उषा आणि मांडीवर शिवकन्या. आईचा तिच्याजवळ एकही फोटो नाही. तो तिला आधी द्यावा, माझे दहा दिवस व्हायची वाट पाहू नये.

कलम १२. काकासाहेब सोळंके. मागच्या वर्षी ते एकदा दारात आले होते. मी आजारी आहे असे ऐकून आले. उभ्यानेच बोलले. "मामा, माझ्याकडून चूक झाली. लोकांचं ऐकलं. तुम्ही मोठ्या मनानं…" मी त्यांना पाणी दिले. तुम्हाला माफ केले असे मी म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. ती माफी माझ्याजवळ कधी नव्हतीच. ती उषाजवळ होती, आणि ती मागायला तिच्या हयातीत कोणी आले नाही. माझ्या मातीला ते आले तर त्यांना कोणी अडवू नये. एवढेच.

कलम १३. माझे दिवस कारभारीने करावेत. मात्र शिवकन्या येऊ शकली तर पाणी तिच्या हातचे आधी पाजावे. लेकीच्या लेकीला तो अधिकार नाही असे कोणी म्हणाले तर त्याला बसायला सांगावे व काम पुढे चालू ठेवावे.

कलम १४. साक्षीदारांबाबत. एक साक्षीदार गावचे पोस्टमन देवानंद साळवे आहेत. दुसऱ्यासाठी वकीलसाहेबांनी सरपंचांना बोलावले होते. परंतु काल गोजरबाई परतूरहून एकट्या, दोन गाड्या बदलून केदारखेड्याला आल्या. पोरीच्या स्थळाची बोलणी पुढे सरकली, हे सांगायला आल्या होत्या. आज इथपर्यंत लिहून झालेले मृत्युपत्र मी त्यांना वाचून दाखवायला लावले. त्यांनी पूर्ण ऐकले. मी म्हणालो, "इहीणबाई, मंठ्याला तुम्ही पोर आणली नसती तर मला ती दिसली नसती. तुमच्यासाठी एखादी जिन्नस लिहितो."

त्या म्हणाल्या, "मला काही नगं. ज्याला काही भेटतं त्याला साक्षीला घेत न्हाईत ना? मंग मला काही देऊ नका. मला साक्षीला घ्या."

वकीलसाहेबांनी त्यांना समजावले की ही तुमच्या मुलाच्या विरोधात जाणारी बाब आहे, उद्या तुम्हाला कोर्टात यावे लागेल, घरात त्रास होईल. त्या म्हणाल्या, "व्हऊ द्या." म्हणून सरपंचांना परत पाठवले आहे. गोजरबाई यांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यात खाडाखोड नाही.

मौजे केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना.
दिनांक १४ नोव्हेंबर २००६.

सही: बद्रीनाथ कडूबा ठोंबरे (सही उर्दूत केली आहे)

साक्षीदार पहिले: देवानंद साळवे, राहणार केदारखेडा. बद्रीनाथ ठोंबरे यांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: गोजरबाई सोळंके, वय अंदाजे सत्तर, राहणार परतूर. लिहिता येत नाही म्हणून सांगते ते लिहून घ्यावे. बद्रीनाथ ठोंबरे यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. शिवकन्या दिवस भरायच्या आधी झाली होती. तिची आई उषा माझी सून होती. माझा काकासाहेबही आठव्या महिन्यातच झाला होता आणि मी हे त्या दिवशी दारात उभी असताना बोलले नाही, पुढे कोर्टातही बोलले नाही. आता बोलते आहे.

अंगठ्याची निशाणी.